सहा-सहाचा हिशेब

चाकणहून तळेगावकडे निघालं की कंटेनरच्या रांगांतून वाट काढत सुदुंबरे गाठावं लागतं. संताजी जगनाडे यांची समाधी तिथं आहे. घाणा चालवता चालवता देहूच्या तुकोबांचे अभंग वहीत उतरवणारा हा चाकणचा माणूस. छंदाचा मागोवा घ्यायला एवढी जवळची जागा दुसरी नाही, फ्रेंच छंदाचासुद्धा.

१६१३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला ज्याँ द ला सेपेद यांची ख्रिस्ताच्या यातनांवरची सुनीतं छापली गेली, पुढचा भाग १६२२ मध्ये आला. त्यांची ओळ बारा अक्षरांची, सहाव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. पहिल्या आठ ओळींत दोनच यमकं फिरतात, उरलेल्या सहांत नवी येतात. लघु-गुरूचा जाच नाही, नुसती अक्षरं मोजायची. तुकोबांचं जन्मसाल १६०८ धरलं, तर १६१३ मध्ये ते पाच वर्षांचे. पुढे त्यांनी ज्या मोठ्या अभंगात लिहिलं, त्याचे पहिले दोन चरण सहा-सहा अक्षरांचेच! तिसराही सहाचा, दुसऱ्याशी यमक जुळवणारा. चौथा चार अक्षरांत आटोपतो. फ्रेंचमध्ये बोलताना गिळलेला शेवटचा स्वर पुढे व्यंजन आलं की ओळीत मोजतात. आपणही ‘देव’ म्हणताना व अर्धा सोडतो, पण अभंगात अक्षरं दोन.

१८६९ मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी सरकारी मदतीनं तुकोबांची गाथा छापली. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून ‘अस्सल गाथा’ काढली. तिच्यातलं लेखन बोलीच्या वळणाचं. अभंगात एखादं अक्षर कमी-जास्त झालं तरी कीर्तनातला टाळकरी ते चालीत सांभाळून घेतो. कागदावर हिशेब करणाऱ्याला मात्र ती चूक वाटते.

मधल्या काळात, १८९२ मध्ये, केशवसुतांनी सुनीत मराठीत आणलं. आलं ते इंग्रजी वाटेनं आणि रमलं बहुतेक शार्दूलविक्रीडितात, म्हणजे एकोणीस अक्षरं आणि प्रत्येकाचं लघु-गुरू ठरलेलं. मला ही निवड नेहमीच थोडी दरबारी वाटत आली आहे.

१९२७ मध्ये माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांची ‘छंदोरचना’ आली. छंदात प्रत्येक अक्षर गुरूच उच्चारायचं, म्हणून अभंग वृत्तांहून निराळा, ही मांडणी त्यांची. १९३८ चं ‘तुटलेले दुवे’ हे सुनीतांचं पुस्तकही त्यांचंच. अभंगाच्या सहा-सहात सुनीत बसवून पाहायला त्यांच्याइतका लायक माणूस मराठीत नव्हता.