काँक्रीटच्या रस्त्याला आधी दोरी, मग फळी

गावातल्या गल्लीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता होणार म्हटले की चर्चा रंगते ती सिमेंट कोणत्या कंपनीचे, खडी कोणत्या खाणीची आणि ठेकेदार कोणाचा माणूस, याची. नारळ फुटतो, फोटो निघतो, मंडळी चहाला जातात. रस्त्याचे आयुष्य मात्र त्यानंतरच्या दोन-तीन तासांत ठरते आणि नेमका त्या वेळी गल्लीत जबाबदार माणूस कोणी नसतो. दोन्ही कडांना काय उभे केले आहे, त्यावरून कसली फळी ओढली जाते आणि ओढणाऱ्याच्या मागे कोणी घाई लावली आहे का, हे पाहायला तेव्हा कोणी थांबत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की सगळे दिसते. गल्लीच्या मधोमध डबके, कोणाच्या उंबऱ्यातून पाणी आत, कोणाच्या गोठ्यात चिखल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वरचा पापुद्रा निघून खडी उघडी पडते. मग ग्रामसभेत आवाज उठतो, "माल निकृष्ट होता!" माल निकृष्ट असतोही, त्याबद्दल वाद नाही. पण कितीतरी ठिकाणी माल बरा असतो आणि घात लेव्हलने केलेला असतो. त्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण त्यात पाहायचे काय हेच माहीत नसते.

वास्तविक शेतकऱ्याला हे नवे नाही. केणी धरून रान सपाट करणारा, पेरणीनंतर फळी मारणारा, भाताच्या खाचरात चिखलावर गुठा फिरवणारा माणूस लेव्हल म्हणजे काय ते जाणतो. वाफ्याचा एक कोपरा चार बोटे उंच राहिला तर तिथले पीक पिवळे पडते आणि सखल कोपऱ्यातले सडते. पण रानात चूक राहिली तर पुढच्या मशागतीला सुधारता येते. काँक्रीट एकदा धरले की सुधारायला ब्रेकरच आणावा लागतो. भारतीय मानकांप्रमाणे सिमेंट तीस मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागता कामा नये. पाणी पडल्यापासून ओतणे, दाबणे आणि सपाट करणे हे काम साधारण दीड तासात उरकावे लागते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तेवढाही वेळ मिळत नाही.

उंबरा आधी मोजा

आपल्याकडची मोठी चूक अशी, की जुन्या रस्त्याच्या डोक्यावर नवा रस्ता चढवतात. खोदाईचा खर्च वाचतो, लांबी वाढते, सगळे खूश. पण दर खेपेला रस्ता अर्धा फूट वर येतो आणि घराचा ओटा जिथल्या तिथे राहतो. दोन खेपा झाल्या की रस्ता वर आणि घर खाली. पुढे जन्मभर त्या घरातली बाई पावसाळ्यात उंबऱ्याला पोती लावत बसते. त्या घराने करायचे काय, याचे उत्तर अंदाजपत्रकात कुठे नसते.

म्हणून पहिले माप घ्यायचे ते गल्लीतल्या सगळ्यात खालच्या उंबऱ्याचे. त्याला डंपी लेव्हलच पाहिजे असे नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी पुरते. पंधरा-वीस मीटर नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहिलेला नाही ना ते पाहा आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवा. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर राहते. एक टोक खालच्या उंबऱ्याशी आणि दुसरे समोरच्या भिंतीशी धरून खडूने खूण करत गल्लीभर जावे. अर्ध्या दिवसात प्रत्येक दाराशी रस्ता किती उंच येईल ते भिंतीवर दिसू लागते. रस्त्याची वरची पातळी खालच्या उंबऱ्याच्या खालीच राहिली पाहिजे. तशी राहत नसेल तर आधी खोदाई. खोदाई अंदाजपत्रकात धरलेली नसेल तर नारळ फोडण्यापूर्वी ते साहेबांना सांगावे. नंतर सांगून उपयोग नाही.

त्याच वेळी पाणी जाणार कुठे तेही ठरवावे. शंभर मीटरच्या गल्लीला दोनशेला एक असा उतार दिला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या मीटरचा फरक येतो. शिवाय आडवा उतार हवाच. रस्त्याला दोन टक्के आडवा उतार धरला, तर तीन मीटर रुंदीच्या एकतर्फी उताराच्या गल्लीत एक कड दुसरीपेक्षा सहा सेंटिमीटर खाली लागते. मध्ये पाठ काढून दोन्हीकडे उतार द्यायचा असेल तर मध्यभाग कडांपेक्षा तीन सेंटिमीटर उंच. डोळ्याला हा फरक जाणवतही नाही, पण पाण्याला बरोबर कळतो.

कड वाकडी तर रस्ता वाकडा

काँक्रीट ओतण्यापूर्वी दोन्ही कडांना जे उभे करतात त्याला फॉर्मा म्हणतात. चांगल्या कामात लोखंडी चॅनेल असते. ते थराच्या जाडीइतके उंच असते, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांनी पक्के केलेले आणि खाली मोकळी जागा न ठेवता टेकवलेले असते. गावात मात्र विटा, दगड, सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या, जे हाती लागेल ते चालते. आता गोष्ट साधी आहे. फळी या दोन फॉर्म्यांवर टेकून चालते. ज्या दोन रुळांवर गाडी चालायची तेच डगमगत असतील तर गाडी सरळ कशी जाईल? माल पडल्यावर विटा ढळतात, फळीचे एक टोक खाली जाते आणि तिथे पुढच्या जूनमध्ये डबके साचते.

फॉर्मा बसवल्यावर त्याच्या वरच्या कडेशी दोरी ताणून एका टोकाकडून डोळा लावावा. कड दोरी सोडून खाली-वर जाते आहे का, ते मिनिटात समजते. नंतर दोन्ही फॉर्म्यांवरून आडवी दोरी ताणावी आणि दोरीपासून खालच्या पक्क्या थरापर्यंत टेप लावावा. हे माप कडेला, मध्ये आणि त्यांच्या दरम्यान, असे ठिकठिकाणी घ्यावे. पैशाची खरी गोम इथे आहे. कडेला फॉर्मा पंधरा सेंटिमीटरचा दिसतो, मोजणारा कडेलाच मोजतो, पण मध्ये खालचा थर फुगवून ठेवलेला असतो. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्याला पंधरा सेंटिमीटर जाडीने पंचेचाळीस घनमीटर काँक्रीट लागते. सरासरी जाडी बारा भरली तर छत्तीसच लागते. नऊ घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा, मातीने भरून निघाला! ताकदीचा तोटा तर याहून मोठा आहे. वाकवणाऱ्या भारापुढे जाडीचा हिशेब वर्गाने चालतो, त्यामुळे जाडी वीस टक्क्यांनी घटली की ताकद सुमारे छत्तीस टक्क्यांनी घटते. उसाचा ट्रॅक्टर त्यावरून गेला की काय होणार ते सांगायला इंजिनिअर नको.

मध्ये पाठ काढलेल्या रस्त्याला आडव्या दोरीचे माप मध्यभागी कडेपेक्षा कमी येते आणि वरचे तीन सेंटिमीटर नंतर भरले जातात, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर उगाच भांडण व्हायचे.

फळी ओढायची रीत

फॉर्म्यांवरून माल सारखा करणाऱ्या सरळ पट्टीला इंजिनिअर स्क्रीड म्हणतात. आपला गवंडी तिला फळी, पट्टी किंवा पाटा म्हणतो. लाकडी फळी पाण्याने बाक घेते, म्हणून सकाळी काम सुरू होण्याआधी तिच्याखाली दोरी धरून ती तपासावी. ॲल्युमिनियमची पेटीसारखी पट्टी सरळ राहते आणि हलकीही असते. पाठीचा रस्ता असेल तर फळीलाच मध्ये तेवढी कमान पाहिजे. सरळ फळीने पाठ काढतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला, "मिस्त्री, कशी काढता ते दाखवा तरी," असे नम्रपणे विचारावे.

माल फॉर्म्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असा पसरायचा. फळी दोघांनी दोन टोकांना धरून करवतीसारखी मागे-पुढे चालवत हळूहळू पुढे न्यायची. फळीच्या पुढे मालाचा लहानसा लोळ सतत राहिला पाहिजे. लोळ संपला की मागे खळगा पडलाच म्हणून समजा. खळगा दिसला तर त्यात खडीसकट ताजा माल टाकून फळी पुन्हा फिरवायची. पुष्कळ ठिकाणी तिथे नुसता सिमेंटचा राबडा ओततात. तो दिसायला गुळगुळीत होतो आणि वर्षभरात पोपड्यासारखा निघतो.

पण फळीने माल सारखा होतो, दबत नाही. हा भेद पुष्कळ ग्रामपंचायतींत लक्षातच घेतला जात नाही. काँक्रीटमध्ये शंभरात पाच भाग पोकळ राहिले तरी ताकद तीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणून नीडल व्हायब्रेटर लागतो आणि वरून स्क्रीड व्हायब्रेटर. स्क्रीड व्हायब्रेटर म्हणजे इंजिन किंवा मोटार बसवलेली थरथरणारी फळी. त्यासाठी भारतीय मानक २५०६ आहे आणि कमी वाहतुकीच्या काँक्रीट रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एस.पी. ६२ ही मार्गदर्शिका आहे (पहिली २००४ ची, सुधारित २०१४ ची). थरथरणारी फळी एका जागी उभी ठेवून चालू देऊ नये. खडी खाली बसते, वर नुसता लगदा येतो आणि तोच थर पुढे धूळ होऊन उडतो. फॉर्म्याच्या कडेला या फळीचा जोर पोहोचत नाही, तिथे नीडल घातलीच पाहिजे. फॉर्मा काढल्यावर कड मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसली तर नीडल गाडीतच राहिली होती असे समजावे.

पाण्याचा मोह

हाताने फळी ओढणाऱ्या मजुराला पातळ माल आवडतो, कारण तो ओढायला हलका. त्याला दोष देता येत नाही, दिवसभर पाठ मोडते. म्हणून मिक्सरवाल्याला आवाज जातो, "अरे, पाणी सोड जरा!" पन्नास किलोच्या पोत्याला वाळूतला ओलावा धरून सगळे मिळून बावीस ते पंचवीस लिटर पाणी पुरते. बादलीने अंदाजे ओतलेले पाणी तीस-पस्तीस लिटरवर सहज जाते. वाढलेले पाणी वर येते, उडून जाते आणि मागे भेगा ठेवते. स्क्रीड व्हायब्रेटरचा खरा फायदा इथे आहे. घट्ट माल यंत्राने सारखा होतो, त्यामुळे पाणी वाढवायची गरजच पडत नाही. अशा फळ्या भाड्याने मिळतात. अंदाजपत्रकात व्हायब्रेटरचा दर धरलेला असेल आणि कामावर नुसती लाकडी फळी असेल तर विचारण्याचा अधिकार गावाला आहे.

फळी फिरल्यावर वर थोडे पाणी सुटते. ते ओसरल्याशिवाय रंधा मारू नये आणि ते सुकवायला कोरडे सिमेंट तर अजिबात भुरभुरू नये. मग रंधा, मग खराट्याने आडव्या रेघा, म्हणजे ओल्यात बैल आणि दुचाकी घसरत नाही. दर अडीच ते चार मीटरवर सांधा कापायचा, तोही वेळेवर, नाहीतर रस्ता स्वतःच्या मर्जीने भेग काढतो. पुढे किमान चौदा दिवस पाणी. वाफे बांधून पाणी उभे केले तर उत्तम. ते काम आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

मोठ्या रस्त्यांचे तंत्र वेगळे असले तरी मूळ तेच आहे. २००२ साली पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या कामांवर स्लिपफॉर्म पेव्हर हे अवाढव्य यंत्र फॉर्म्याशिवाय काँक्रीट अंथरत जाते. पण त्याला उंची कोण सांगते? कडेने खुंट्यांवर ताणलेली तार. यंत्राचा दांडा त्या तारेला चाटत जातो. कोट्यवधींच्या यंत्रालाही शेवटी दोरी लागतेच, मग आपल्या गल्लीला का नको?

घरच्या कामालाही हीच रीत उपयोगी आहे. गोठ्याचा कोबा करताना गव्हाणीकडून मूत्रनालीकडे मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार ठेवून दोन पट्ट्या आधी बसवाव्यात आणि त्यांवरून फळी ओढावी. डोळ्याने केलेल्या कोब्यात मूत साचते आणि जनावराचे खूर सडतात. खळ्याला आणि धान्य वाळवायच्या ओट्यालाही असाच बारीक उतार हवा.

बिल निघण्यापूर्वी

ओतकामाचा दिवस ठेकेदाराने ग्रामपंचायतीला आधी कळवावा असे ठरावातच लिहून घ्यावे. त्या दिवशी सरपंच, ग्रामसेवक (२०२४ च्या निर्णयानंतर पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि गल्लीतले दोन जाणते, एवढ्यांनी फॉर्मा बसल्यावर दोरी-टेप लावून मापे वहीत लिहावीत आणि शाखा अभियंत्याची सही घ्यावी. ओतल्यानंतर ही मापे पुन्हा कधी घेता येत नाहीत, रस्ता फोडूनच घ्यावी लागतात. ज्यांना कामावर उभे राहू दिले जात नाही त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. त्यात कागदाच्या प्रतींबरोबर कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचीही तरतूद आहे.

चौदा दिवस झाले की तीन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर उभी-आडवी ठेवून खाली फट किती राहते ते पाहावे. किती फट चालेल तो आकडा कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये असतो, तो आधीच मागून ठेवावा. पट्टी नसेल तर संध्याकाळी दहा-बारा बादल्या पाणी वरच्या टोकाला ओतावे आणि अर्ध्या तासाने जिथे पाणी थांबले असेल त्या डबक्यांची कड खडूने आखावी. पाणी रात्रीत सुकते, पण खडू सकाळी मोजमापाला येणाऱ्या साहेबांना दिसतो.