नोटरीचा शिक्का म्हणजे निकाहची नोंदणी नव्हे : परदेशी व्हिसासाठी कागदपत्रं करताना

पनवेल : मुलगा आखातात नोकरीला, सून आणि मुलं इथे. फॅमिली व्हिसासाठी निकाहचा दाखला मागितला की घरात पहिला शब्द निघतो, ‘नोटरी करून टाकू.’ नोटरी काही मिनिटांत होते. पण तेवढ्याने काम झालं असं समजून बसलं, तर पुढे कागद परत येतो आणि महिने वाया जातात. म्हणून हा विषय आम्ही नीट मांडत आहोत.

नोटरी काय करतो?
१९५२ च्या नोटरी कायद्याखाली सरकार नोटरी नेमतं. आपण त्याच्यासमोर सही केली किंवा झेरॉक्स मूळ कागदाशी जुळते, एवढीच ग्वाही तो देतो. कागदातला मजकूर खरा आहे, असं तो शिक्का सांगत नाही.

निकाहनाम्याचं काय?
काझीसाहेबांनी दिलेला निकाहनामा शरीयतने पुरेसा आहे. मात्र व्हिसासाठी बहुतेक वेळा सरकारी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. शहरात राहणाऱ्यांनी पनवेल महापालिकेत, तर गावातल्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. काही जण स्टॅम्प पेपरवर ‘आमचं लग्न झालं’ असं लिहून नोटरी करतात आणि त्यालाच मॅरेज सर्टिफिकेट समजतात. नोटरीला लग्नाचा किंवा तलाकचा दाखला देण्याचा अधिकारच नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे.

नोटरीनंतर पुढे काय?
मूळ दाखल्यावर आधी राज्य सरकारचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण होतं. ओमान, बहरीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया यांच्यासाठी अपोस्टील चालतं. यूएईसारख्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागत आला आहे. नियम बदलतात, म्हणून फी भरण्याआधी त्या देशाची आजची यादी पाहून घ्या.

नावाचा घोळ
एका कागदावर ‘शेख’ आधी, दुसऱ्यावर शेवटी. पासपोर्टवर स्पेलिंग तिसरंच. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालतं, पण त्याने नाव बदलत नाही. शक्य असेल तिथे मूळ दाखलाच दुरुस्त करून घ्या.

हे लक्षात ठेवा
• ज्याची सही, त्याने स्वतः जावं. अब्बांची सही भाईने करू नये.
• मूळ कागद आणि ओळखपत्र सोबत न्या.
• कोऱ्या कागदावर सही करू नका. एजंट कितीही घाई करो, आधी वाचा.
• शिक्क्यावर नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कागदावर तारीख व रजिस्टरचा अनुक्रमांक आहे ना, ते पाहा.
• उर्दू निकाहनाम्याचं भाषांतर करताना तारखा आणि नावं पासपोर्टशी ताडून घ्या.

सुनेचं तिकीट काढण्याआधी घरातली कागदांची फाईल एकदा उघडा. नोंदणीचा दाखला त्यात नसेल, तर सुरुवात नोटरीपासून नाही, नोंदणीपासून करा.