वाऱ्या ये, पावसा जा!

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. एका गाडीचं पुढचं बॉनेट उघडलं, तर आत इंजिनच नाही! तिथे पेट्रोलची टाकी आणि सामान ठेवायची जागा. इंजिन आहे मागच्या बाजूला. बरं, त्याला रेडिएटरही नाही. इंजिन थंड करायला पाण्याचा एक थेंबसुद्धा लागत नाही. सांगा पाहू, ही गाडी कोणती?

बरोबर! फोक्सवॅगन कंपनीची जुनी बीटल. बीटल म्हणजे भुंगेरा, आणि ती दिसतेही तशीच गोलमटोल. फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याने १९३०च्या दशकात जर्मनीत तिचा आराखडा केला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातल्या कारखान्यातून बाहेर पडली. तोपर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या!

पाणी नाही, तर मग हे इंजिन थंड कसं होतं? एखाद्या मोटरसायकलचं इंजिन नीट पाहा. त्याला कंगव्याच्या दातांसारखे पातळ, उभे-आडवे पत्रे असतात. त्यांवरून वारा वाहिला की उष्णता निघून जाते. बीटलच्या इंजिनालाही असेच पत्रे असतात. पण हे इंजिन गाडीच्या पोटात बंद. तिथे वारा येणार कुठून? म्हणून त्याला एक पंखा जोडलेला असतो. मागच्या काचेखाली पत्र्यात फटी असतात. त्यांतून पंखा बाहेरची थंड हवा ओढतो आणि इंजिनावर फेकतो.

इथेच खरी गंमत आहे. जिथून वारा येतो, तिथूनच पाऊसही येतो! उघड्या टपाच्या बीटलला तर हा त्रास जास्तच. तिचा कापडी टप घडी होऊन मागच्या बाजूला बसतो. त्यामुळे काचेखाली फटींना जागाच उरत नाही. मग फटी थेट इंजिनाच्या झाकणावर पाडाव्या लागल्या. झाकण उतरतं, म्हणजे पावसाची सर सरळ फटींवर!

आत पाणी गेलं तर काय बिघडतं? स्पार्क प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्टची वीज जाते. ती वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर किंवा वायरी ओल्या झाल्या, की वीज भलतीकडेच पळते. मग गाडी ‘मिसिंग’ मारते, नाहीतर सुरूच होत नाही. गाडी चालू असेल तर इंजिनाच्या उष्णतेने थोडंफार पाणी वाळून जातं. पण उभ्या गाडीत ते साचून राहतं, आणि पत्रा हळूहळू गंजतो.

आता तुम्ही म्हणाल, “त्यात काय! फटी प्लॅस्टिकने झाकून टाकायच्या!” थांबा, थांबा! फटी झाकल्या आणि गाडी सुरू केली, तर इंजिनाचा श्वासच कोंडेल. ते तापत जाईल, आतलं तेल पातळ होईल आणि शेवटी इंजिन जाम होईल. म्हणजे पाण्यापासून वाचवायला जावं, आणि उष्णतेने घात व्हावा! अशी गाडी आता नव्याने बनत नाही. त्यामुळे हे नुकसान फारच महागात पडतं.

मग उपाय काय? तो तुमच्या घराच्या छपरालाच विचारा. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडू नये म्हणून आपण काय लावतो? पन्हळ! उघड्या टपाच्या बीटलमध्ये झाकणाच्या फटींखाली, थोडं अंतर सोडून, पत्र्याची अशीच एक पन्हळ बसवलेली असते. हवा हलकी, ती पन्हळीच्या कडेवरून झटकन वळून आत जाते. पाण्याचा थेंब जड, त्याला तसं वळता येत नाही. तो पन्हळीत पडतो आणि नळीतून खाली रस्त्यावर जातो. फटी उघड्याच, पण इंजिन कोरडं!

अशी जुनी गाडी सांभाळणारे आणखीही काळजी घेतात. पावसाळ्याआधी ते पन्हळीतला पालापाचोळा काढतात, नळी तुंबली नाही ना ते बघतात. प्लगवरच्या रबरी टोप्या चिरल्या असतील तर बदलतात. गाडी धुताना फटींवर पाइप रोखत नाहीत. इंजिनाभोवतीची रबराची पट्टीही तपासतात, कारण ती खालची गरम हवा वर येऊ देत नाही. गाडी उभी असताना फटींवर आच्छादन टाकलं, तर एक लाल चिंधी किल्लीला बांधून ठेवावी. म्हणजे गाडी सुरू करण्याआधी आच्छादन काढायची आठवण होते.

करून पाहा!

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. मोठ्यांच्या मदतीने झाकणावर तीन फटी पाडा. डब्यात कागदाचे कपटे टाका आणि फटींवर पेलाभर पाणी ओता. कपटे भिजले ना? आता डबा पुसून कोरडे कपटे टाका. जुन्या प्लॅस्टिक फाइलचा तुकडा कापा, त्याच्या कडा वर दुमडून पन्हळ करा. ती फटींपेक्षा थोडी मोठी हवी. फटींच्या खाली बोटभर अंतर सोडून ती तिरकी बसवा. तिचं खालचं टोक डब्याच्या बाजूला भोक पाडून बाहेर काढा. आधी फटींतून फुंकर मारा, कपटे हलतील. मग हळूहळू पाणी ओता. कपटे कोरडे राहिले, तर तुमची पन्हळ पास!

आणि हो, एक काम घरासाठी. वारा आत येतो पण पाऊस येत नाही, अशा आणखी तीन जागा आपल्या घरात, शाळेत किंवा गावात शोधा. तिरक्या पट्ट्यांच्या खिडकीपासून सुरुवात करा!