ट्रॅक्टरचलित गवत कापणी यंत्राची जोडणी व हाताळणी : सातपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबक रस्त्यावर वसलेले सातपूर हे औद्योगिक वसाहतीमुळे नावारूपास आले. या वसाहतीच्या पलीकडे त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांचा डोंगराळ, अतिपावसाचा प्रदेश सुरू होतो. तेथील वरकस जमिनीवर पावसाळ्यात वाढलेले गवत दसरा-दिवाळीच्या सुमारास कापून, वाळवून जनावरांच्या उन्हाळी चाऱ्यासाठी साठविले जाते. ही कापणी बहुतांशी विळ्यानेच होते. परंतु पाऊस ओसरल्यापासून गवत निबर होईपर्यंतचा काळ थोडा असतो आणि नेमक्या त्याच वेळी भातकापणीमुळे मजूर मिळत नाहीत. त्यामुळे ट्रॅक्टरमागे जोडावयाच्या कापणी यंत्राची उपयुक्तता विचारात घेण्याजोगी आहे. मात्र घाई आणि अपुरी माहिती एकत्र आल्यास हेच यंत्र जीवघेणे ठरू शकते. यंत्राच्या जोडणीतील व हाताळणीतील प्रत्येक पायरीमागील कारण स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्राचे प्रकार

गवत कापणी यंत्रे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात लांब पट्टीवर बसविलेली त्रिकोणी पाती पुढे-मागे सरकतात व स्थिर बोटांच्या आधाराने कात्रीप्रमाणे गवत कापतात. या यंत्रास कमी शक्ती पुरते. दुसऱ्या प्रकारात फिरत्या तबकड्यांना लहान पाती जोडलेली असतात. तबकड्यांचा वेग मिनिटाला सुमारे 3000 फेरे इतका असतो व गवत केवळ आघाताने तुटते. हे यंत्र दाट व लोळलेले गवतही कापते. परंतु पात्यास लागलेला दगड दूरवर फेकला जातो. कातळ व सुटे दगड असलेल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी ही बाब विशेष गंभीर आहे.

जोडणीचा क्रम

यंत्र ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडले जाते. या पद्धतीचे श्रेय हॅरी फर्ग्युसन यांना दिले जाते व 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे तिचा मोठा प्रसार झाला. तिच्यात खालचे दोन दुवे यंत्राचा भार पेलतात, तर वरचा दुवा यंत्राचा पुढे-मागे होणारा कल ठरवितो.

जोडणी सपाट जमिनीवर करावी. ट्रॅक्टर सावकाश मागे घ्यावा. त्या वेळी ट्रॅक्टर व यंत्र यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये. त्यानंतर इंजिन बंद करून, हातब्रेक लावून, किल्ली काढून घ्यावी. प्रथम डावा खालचा दुवा, नंतर उजवा खालचा दुवा व शेवटी वरचा दुवा जोडावा. डाव्या दुव्याची उंची सामान्यतः हाताने बदलता येत नाही. उजव्या दुव्याची उंची फिरत्या दांड्याने आणि वरच्या दुव्याची लांबी आट्यांनी कमी-जास्त करता येते. जे बदलत नाही ते आधी व जे जुळवून घेता येते ते नंतर, असे या क्रमामागील साधे तत्त्व आहे. यंत्र काढताना हाच क्रम उलटा होतो. प्रत्येक पिनेला अडकपिन लावली आहे याची खात्री करावी. खालच्या दुव्यांच्या साखळ्या ताणून घ्याव्यात, अन्यथा यंत्र दोन्ही बाजूंना हेलकावे खाते.

शक्ती देणारा शाफ्ट

तिन्ही दुवे जोडल्यावर ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.ला सांध्यांचा शाफ्ट जोडावा. त्याच्या दोन नळ्या एकमेकींत सरकतात. यंत्र उचलताना व टेकविताना शाफ्टची लांबी बदलते, म्हणून दोन्ही स्थितींत तो तपासणे आवश्यक आहे. शाफ्ट लांब पडल्यास नळ्या तळाशी भिडून बेअरिंग फुटतात. आखूड पडल्यास नळ्या निसटून फिरता शाफ्ट मोकळा सुटतो. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत नसल्यास यंत्र थरथरते. टोकाची कळ खाचेत बसल्याचा आवाज आल्यावरही शाफ्ट ओढून पाहावा.

पी.टी.ओ.ची प्रमाणित गती मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला 9 फेरे असते. शाफ्टचा व्यास 7 सेंटीमीटर धरल्यास त्याचा घेर सुमारे 22 सेंटीमीटर होतो. याचा अर्थ असा की, त्यात अडकलेले उपरणे, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर एका सेकंदात सुमारे दोन मीटर गुंडाळला जातो. हात मागे घेण्यास किंवा चालकास हाक मारण्यास अवधीच उरत नाही. म्हणून शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण हा यंत्राचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. वंगण देण्यासाठी काढलेले आवरण पुन्हा न बसविणे, ही किरकोळ वाटणारी चूक सर्वाधिक घातक होय.

शेतातील हाताळणी

कापणीपूर्वी शेतात पायी फिरून दगड, तारा व खुंट यांची पाहणी करावी. हायड्रॉलिक यंत्रणा नांगरटीसाठीच्या ओढ-नियंत्रणावर ठेवू नये. कापणीची उंची 5 ते 10 सेंटीमीटर ठेवल्यास खोडक्यांवर पडलेल्या गवताखालून हवा खेळते, ते लवकर वाळते आणि पात्यांना मातीही लागत नाही. पाती फिरत असताना माणसे व जनावरे दूर ठेवावीत. कापलेले गवत गोळा करणाऱ्या स्त्रियांनी यंत्रामागून चालू नये.

उताराच्या जमिनीवर अधिक दक्षता हवी. कापणी पट्टी ट्रॅक्टरच्या एका बाजूस असल्याने भार त्या बाजूस झुकतो. म्हणून शक्यतो ती चढाच्या बाजूस ठेवावी. यंत्र उचलल्यावर पुढील चाके हलकी होऊन सुकाणू सैल वाटल्यास पुढे वजने लावावीत. गवत अडकल्यास पी.टी.ओ. व इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, पाती पूर्णपणे थांबल्यावरच हात घालावा. शक्ती तोडल्यानंतरही तबकड्या काही काळ फिरत राहतात.

निष्कर्ष

1948 च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यातील फिरत्या भागांना आवरण सक्तीचे केले. शेतीतील मळणी यंत्रांसाठी 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम आला. सातपूरच्या कारखान्यात आवरणाशिवाय यंत्र सुरू न करणारा कामगार सुटीच्या दिवशी गावी जाऊन तशाच वेगाने फिरणाऱ्या उघड्या शाफ्टशेजारी उभा राहू शकतो. यंत्राचा धर्म दोन्हीकडे सारखाच आहे, बदलते ती केवळ माणसाची सवय. कारखान्यातील ही शिस्त कामगारांनी आपल्या शेतात नेली, तर सातपूरने आसपासच्या शेतीला दिलेली ती मोलाची देणगी ठरेल. यंत्र भाड्याने देणाऱ्याने आवरणासह शाफ्ट द्यावा व घेणाऱ्याने तो तसाच मागून घ्यावा, एवढ्यापासून या कामाची सुरुवात करता येईल.