फाँट टाकला, तरी मराठी दिसेना
(संगणकावरची मराठी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण कीबोर्ड मराठीत आणला. आज त्यापुढची अडचण.

परवा गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. एक काका सोसायटीच्या सभेची जुनी नोटीस पेन ड्राइव्हवर घेऊन आले. घरी मुलीने दोन-तीन मराठी फाँट टाकून पाहिले, तरी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमिडच. दुकानातल्या ताईंनी एका शब्दावर बोट ठेवलं : ई, जे, के, कॅपिटल बी, एच. तो शब्द निवडून फाँट ‘कृतिदेव’ केला आणि तिथे ‘मराठी’ उमटलं.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी ‘ई’च्या जागी ‘म’चं चित्र बसवलेलं असतं. फाइलमध्ये साठतो तो ‘ई’च. म्हणून तिथे तोच फाँट लागतो, दुसरा कितीही सुंदर असला तरी उपयोगाचा नाही. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे : ०९२ई. फाँट बदलला तर वळण बदलतं, ‘म’ मात्र ‘म’च राहतो. विंडोज २००० मध्ये ही सोय देवनागरीला मिळाली, तेव्हा सोबत आला तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’.

तेव्हा फाँट शोधण्याआधी लक्षण ओळखा.

इंग्रजी गिचमिड दिसते : मजकूर जुन्या फाँटमधला आहे. मूळ फाँट मिळवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

चौकोन दिसतात : मजकूर युनिकोड आहे, निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मुक्ता’ निवडा.

फाँट यादीत येत नाही : आधी झिप फाइल एक्स्ट्रॅक्ट करा. आतल्या टीटीएफ फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. विंडोज १० आणि ११ मध्ये नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं, तर फाँट त्या यूजरपुरताच बसतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो सापडत नाही. नंतर वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

फाँट निवडूनही अक्षर बदलत नाही : वर्डमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-डी दाबा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फाँट बदला. देवनागरीसाठी तोच लागू होतो. लिब्रेऑफिसमध्येही इंग्रजीचा आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळा ठरवावा लागतो.

नवा फाँट बसला की ‘दऱ्याखोऱ्यांतला लख्ख प्रकाश’ एवढं टाइप करून पाहा. ‘ऱ्या’ तुटत नाही ना, ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा आहे ना, ते लगेच कळतं. ही वळणं राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवली आहेत.

काकांची नोटीस ताईंनी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. काही जोडाक्षरं बिघडली होती. काका मोठ्याने वाचत गेले, ताई दुरुस्त करत गेल्या. अर्धा तास लागला, पण आता ती नोटीस मुलीच्या संगणकावर वेगळा फाँट न टाकता उघडेल. तुमच्याकडेही अशा जुन्या फाइली असतील, तर मूळ फाँट हाताशी आहे तोवरच त्या बदलून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : कन्व्हर्टर कुठे चुकतो आणि तपासायचं काय.