जॅकवरच्या गाडीखाली

1980 साली संयुक्त अरब अमिरातीचा संघीय कामगार कायदा क्रमांक 8 आला, तेव्हा कोकणातून आणि मुंबईतून माणसं आखातात जाऊ लागून बरीच वर्षं झाली होती. त्यांतली कित्येक गॅरेजात लागली. कायद्यात सुरक्षेचं बरंच काही होतं. यंत्रांपासून नि आगीपासून संरक्षण, अरबीत आणि गरज पडल्यास कामगाराला कळेल अशा भाषेत लावलेल्या सूचना, शंभर कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी. हा सगळा हिशोब कारखान्याचा. चार माणसांच्या गॅरेजाचा त्यात विचारच नव्हता.

अशा गॅरेजात गाडी जॅकवर उचलायची आणि स्टँड न लावताच खाली शिरायचं, पाच मिनिटांचं तर काम! जॅक सरकला तर घात तिथल्या तिथे. गाडी रंगवणाऱ्या पेंटरचं दुखणं मात्र उशिरा कळतं. टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत जात राहिला की दमा जडू शकतो. पेंटरला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. नाकावर बांधलेला रुमाल काही कामाचा नाही.

आणि माणूस गेलाच तर? 1980च्या कायद्यात भरपाई 24 महिन्यांच्या मूळ पगाराएवढी होती, पण 18 हजार दिरहमांपेक्षा कमी नाही नि 35 हजारांपेक्षा जास्त नाही. मधल्या काळात दुबईचं रूप पालटलं, भाडी नि पगार कुठल्या कुठे गेले, तरी हा 35 हजारांचा आकडा जागचा हलला नाही. 2021चा नवा कायदा 2 फेब्रुवारी 2022 ला लागू झाला, तेव्हा कमाल मर्यादा दोन लाख झाली. किमान रक्कम? तीच, 18 हजार. लागोपाठ दोन कायदे वाचणाऱ्याला हे खटकल्याशिवाय राहत नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारच्या सक्तीच्या सुट्टीचं कौतुक बरंच झालं, आणि ते रास्तही आहे. 2005 पासून ती चालू आहे. आता 15 जून ते 15 सप्टेंबर, साडेबारा ते तीन. पण ती थेट उन्हात, उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी. तापलेल्या पत्र्याखाली गरम इंजिनवर वाकलेला मेकॅनिक कागदोपत्री सावलीतच असतो.

अबुधाबीने 2010 च्या सुमारास स्वतःची सुरक्षा-व्यवस्था उभी केली. देशाची अग्निसुरक्षा संहिता 2011 मध्ये आली, 2018 मध्ये सुधारली. माझ्या मते छोट्या गॅरेजांवर कामगार कायद्यापेक्षा आगीच्या नियमांचाच धाक जास्त बसला. डीलरच्या वर्कशॉपचं निराळं, तिथे गाडी बनवणाऱ्या कंपनीचे लोकच तपासणीला येतात.

2017 मध्ये टेस्ला दुबईत आली आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलींचा काळ सुरू झाला. त्यांत शेकडो व्होल्टचा विद्युतदाब असतो. गाडी बंद केल्यावरही तो लगेच उतरत नाही. एप्रिल 2024 च्या पावसात अल ऐनजवळ एका दिवसात 254 मिलिमीटर पाणी पडलं, गाड्या बुडाल्या. अशी भिजलेली बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. डीलरकडे इन्सुलेटेड हातमोजे असतात, शिकवलेली माणसं असतात. वॉरंटी संपलेली गाडी मात्र स्वस्तात काम होतं म्हणून त्या चार माणसांच्या गॅरेजाकडेच वळते.