कॅल्शियम पूरके
कॅल्शियम पूरके म्हणजे आहारातून मिळणाऱ्या कॅल्शियमची तूट भरून काढण्यासाठी गोळी, चूर्ण किंवा द्रव स्वरूपात घेतले जाणारे कॅल्शियमचे क्षार होत. हाडे बळकट राखणे, गर्भारपणातील उच्च रक्तदाबाचे विकार टाळणे आणि अस्थिसुषिरतेच्या (हाडे ठिसूळ होण्याच्या) उपचारास साहाय्य करणे हे त्यांचे प्रमुख उपयोग आहेत. आहारात कॅल्शियमची कमतरता असणाऱ्यांना त्यांचा स्पष्ट लाभ होतो. पुरेसे कॅल्शियम मिळणाऱ्या निरोगी प्रौढांना मात्र तो अत्यल्प असल्याचे आढळले आहे.

शरीरातील कार्य

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १ ते १.२ किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यांपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत साठवलेले असते. उरलेले अल्प प्रमाण स्नायूंचे आकुंचन, चेतासंदेशांचे वहन, हृदयाचे स्पंदन आणि रक्त गोठणे या क्रियांसाठी अनिवार्य असते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियमची पातळी अतिशय काटेकोरपणे राखली जाते. ती घटू लागताच परावटू ग्रंथींचे संप्रेरक स्रवते आणि हाडांतील साठ्यातून कॅल्शियम रक्तात आणले जाते. आहारातील तूट दीर्घकाळ राहिल्यास तिची भरपाई अशा रीतीने हाडे करतात. म्हणूनच रक्ततपासणीत कॅल्शियमची पातळी सामान्य आढळली, तरी आहारातून ते पुरेसे मिळते असा निष्कर्ष काढता येत नाही.

आतड्यांतून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्वाची गरज असते. त्यामुळे अनेक पूरकांत ही दोन्ही द्रव्ये एकत्र असतात.

दैनंदिन गरज व आहारातील स्रोत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांना रोज १,००० मिलीग्रॅम, तर स्तनदा मातांना १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळावे. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. दही, ताक, पनीर, तीळ, राजगिरा आणि काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे हेही चांगले स्रोत आहेत. पालकातही कॅल्शियम असते. परंतु त्यातील ऑक्झॅलेटमुळे त्याचा फारच थोडा अंश शोषला जातो.

प्रकार

पूरकाची निवड करताना क्षाराचे वजन आणि त्यातील प्रत्यक्ष कॅल्शियम यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३ टक्के आणि ग्लुकोनेटमध्ये सुमारे ९ टक्के कॅल्शियम असते. त्यामुळे १,२५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या गोळीतून ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते.

कार्बोनेट स्वस्त असून सर्वाधिक वापरात आहे. त्याच्या शोषणासाठी जठरातील आम्लाची गरज असल्याने ते जेवणासोबत घेतात. सायट्रेट उपाशीपोटीही घेता येते. आम्लपित्तावर आम्लनिर्मिती रोखणारी औषधे घेणाऱ्यांना तेच अधिक योग्य ठरते. एका वेळी ५०० मिलीग्रॅमपर्यंत कॅल्शियम घेतल्यास शोषण चांगले होते; म्हणून मोठी मात्रा दिवसातून दोन किंवा अधिक वेळा विभागून देतात.

आरोग्यविषयक लाभ

गर्भारपण : होसे बेलिझान व होसे व्हिलार यांनी १९८० मध्ये गर्भारपणातील उच्च रक्तदाब आणि कॅल्शियमची कमतरता यांचा संबंध असावा, असे गृहीतक मांडले. ग्वाटेमालातील माया स्त्रियांमध्ये गरिबी असूनही गर्भाक्षेपाचे (गर्भारपणातील झटक्यांचे) प्रमाण कमी होते. त्या चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका खात असल्याने त्यांना भरपूर कॅल्शियम मिळत होते. पुढील चाचण्यांतून, आहारात कमी कॅल्शियम असणाऱ्या गर्भवतींमध्ये पूरकांमुळे प्रीएक्लॅम्पसियाचा धोका लक्षणीयरीत्या घटतो, असे दिसून आले. रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत आदी अवयवांना इजा पोहोचवणारा हा विकार माता व अर्भक या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो.

कमी कॅल्शियमचा आहार असलेल्या लोकसमूहांतील गर्भवतींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. भारत सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाच्या १४व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर ६ महिन्यांपर्यंत ५०० मिलीग्रॅम कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा द्यावयाची असते. भारत व टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० गर्भवतींवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यात रोजची ५०० मिलीग्रॅमची मात्रा १,५०० मिलीग्रॅमपेक्षा कमी पडत नाही, असे त्यांत आढळले.

वृद्धापकाळ : फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३,२७० वृद्ध स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम व ८०० एकक ड जीवनसत्त्व रोज घेणाऱ्या गटात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. या स्त्रियांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर होती. याउलट, अमेरिकेतील ३६,२८२ रजोनिवृत्त स्त्रियांवरील चाचणीत (२००६) खुब्याच्या हाडाची घनता सुमारे १ टक्क्याने अधिक राहिली. परंतु अस्थिभंगांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस घट झाली नाही. या गटाच्या नेहमीच्या आहारात आधीच बऱ्यापैकी कॅल्शियम होते. पूरकाचा लाभ मूळच्या कमतरतेवर कसा अवलंबून असतो, हे या दोन चाचण्यांची तुलना केल्यास ध्यानात येते.

उपचारातील उपयोग : अस्थिसुषिरतेवरील औषधांसोबत पुरेसे कॅल्शियम मिळणे आवश्यक असते. आहारातील कॅल्शियमच्या अभावाने होणाऱ्या मुडदुसात, तसेच परावटू ग्रंथींचे कार्य मंदावल्यास कॅल्शियम हा उपचाराचाच भाग असतो.

दुष्परिणाम व मर्यादा

बद्धकोष्ठ व पोट फुगणे हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी चाचणीत पूरके घेणाऱ्या गटात मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक होते. आहारातील कॅल्शियमचा परिणाम मात्र वेगळा असतो. ते आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते व त्यामुळे खडे होण्याची शक्यता घटते. म्हणून मुतखड्याच्या भीतीने दूध व दही वर्ज्य करणे सर्वसाधारणपणे योग्य ठरत नाही.

ड जीवनसत्त्वाविना घेतलेल्या कॅल्शियम पूरकांमुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष २०१० मध्ये चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून काढण्यात आला. नंतरच्या काही विश्लेषणांत असा संबंध आढळला नाही. त्यामुळे या प्रश्नावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आहार व पूरके मिळून कॅल्शियमची कमाल दैनंदिन मर्यादा १९ ते ५० वर्षे वयासाठी २,५०० मिलीग्रॅम आणि त्यापुढील वयासाठी २,००० मिलीग्रॅम ठरवली आहे.

इतर औषधांशी आंतरक्रिया

कॅल्शियममुळे लोह, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके, अस्थिसुषिरतेवरील बिस्फॉस्फोनेट औषधे आणि अवटू ग्रंथीच्या विकारावरील लिव्होथायरॉक्सिन यांचे शोषण घटते. लिव्होथायरॉक्सिन व कॅल्शियम यांत किमान ४ तासांचे अंतर ठेवतात. गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही एकाच वेळी घ्यावयाच्या नसतात. मूत्रपिंडाचा विकार, मुतखड्याचा पूर्वेतिहास किंवा रक्तात कॅल्शियमचे आधिक्य असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही पूरके घेऊ नयेत.